पक्कम टॉवर आणि माझी मोठी डिश

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, म्हणजे पुढे मला सांगताना कमी लाज वाटेल. तमिळमध्ये घोटाळे सगळेच करतात हो! मी चेन्नईत राहून मराठीत घोटाळा केलाय. तोही मराठी माणसाशी बोलताना!

मी सांगलीची. इथे बिनतारी इंटरनेट देणाऱ्या एका छोट्या कंपनीत आहे. गिऱ्हाइकाच्या गच्चीवर कुठलं यंत्र बसवायचं, ते मी ठरवते. आमचा टॉवर जवळ असेल तर पाटीएवढी चपटी पेटी पुरते. टॉवर लांब असेल तर मोठी डिश. झालं! यात चुकण्यासारखं काय आहे? मलाही तसंच वाटायचं.

तर एकदा आमचे मुरुगन सर म्हणाले, "अड्यारला एक गिऱ्हाईक आहे, तंजावरकडचे मराठी. तुझी भाषा. तूच जा."

माझी भाषा! इथे रोज रिक्षावाल्यापासून भाजीवालीपर्यंत सगळ्यांसमोर मुकी होणारी मी, त्या दोन शब्दांनी एकदम फुलले. लगेच फोन लावला.

गिऱ्हाईक म्हणजे श्रीनिवासराव काका. निवृत्त शिक्षक. वाडवडील कित्येक पिढ्यांपूर्वी तंजावरला आलेले, पण घरात अजून मराठी. काकांना कीर्तन येतं, आणि परदेशातल्या नातवंडांना नि त्यांच्या मित्रमंडळींना ते इंटरनेटवरून शिकवणार होते. पहिला वर्ग रविवारी सकाळी. रस्ता खणून ठेवलेला, त्यामुळे केबलवाले घरापर्यंत येईनात. सगळी भिस्त आमच्यावर.

"काका, गच्चीवरून टॉवर दिसतो का? जरा कन्फर्म सांगा हं."

"दिसतो मा! चोखट दिसतो." मा म्हणजे पोरी, चोखट म्हणजे छान. किती गोड शब्द! "टॉवर रोंब पक्कम आहे."

रोंब म्हणजे खूप, एवढं तमिळ मला येतं. "पक्कं ना? नक्की?"

"पक्कम, पक्कम! अगदी पक्कम!"

आता मला सांगा, याहून पक्कं कुणी काय सांगणार? आमचा त्या बाजूचा टॉवर वेलचेरीला. म्हणजे चांगलाच लांब. एवढ्या लांबून दिसतो म्हणजे काकांची नजर काय तीक्ष्ण असेल, असं कौतुकही वाटलं मला. मी ठरवून टाकलं. मोठी डिश!

डिश गच्चीवर चढवली तेव्हा काका बघतच राहिले. काकूंनी वाळत घातलेले तांदळाचे वडाम, आपल्या कुरडयांसारखे, उचलले, कपड्यांच्या दोऱ्या सोडल्या. डिशसाठी लोखंडी खांब उभा राहिला, खांबाला चारी बाजूंनी तारा ताणल्या. गच्चीवर आता माणसाला वाकूनच चालावं लागत होतं.

काका हळूच म्हणाले, "इतकी मोठी कशाला मा? टॉवर पक्कम असताना?"

"काका," मी छाती फुगवून म्हटलं, "टॉवर पक्का, तर डिशही पक्की नको का?"

काकांनी मान डोलावली. इंजिनीअर बाई म्हणतेय म्हणजे असेल काहीतरी, असं त्यांना वाटलं असणार. शिक्षक माणूस, सभ्य.

पुढची अडचण म्हणजे नारळाचं झाड. वेलचेरीच्या दिशेला बरोबर मधोमध! आणि झाड शेजाऱ्यांचं. मी म्हटलं, थोड्या झावळ्या उतरवाव्या लागतील. बिचारे काका शेजाऱ्यांकडे गेले. गेली कित्येक वर्षं त्या दोन घरांत बोलणं नव्हतं म्हणे, याच नारळाच्या कचऱ्यावरून! काकांनी स्वतःहून जाऊन नमतं घेतलं, कॉफी प्यायले, परवानगी आणली. झाडावर चढणारा माणूस आला, झावळ्या खाली आल्या.

मी डिश वेलचेरीकडे वळवली. यंत्रात वेलचेरीच्या टॉवरचं नाव हाताने भरलं आणि त्याला बजावलं, दुसरं काहीही शोधायचं नाही. सिग्नल आला. लंगडत आला, पण आला! मी सावलीला बसून डबा खाल्ला, काकूंचा रसम प्यायले आणि विजयी मुद्रेने घरी गेले.

रविवारी सकाळी फोन.

"मा, मी अडकलों."

"कुठे, काका?"

"पडद्यावर! तोंड उघडं ठेवून! पोरं हसतायत. एक पोरगी विचारते, आजोबा जांभई देताहेत का?"

मी धावत गेले. जाताना मुरुगन सरांनाही फोन केला, कारण माझं डोकंच चालेना. गच्चीवर मी डिश इकडे सरकवतेय, तिकडे सरकवतेय. खाली काका एकच ओळ पुन्हा पुन्हा म्हणतायत, आणि दर वेळी निम्म्यात बंद पडतायत. काकू जिन्यातून ओरडतायत, "आला! गेला! आला! गेला!"

मुरुगन सर आले. वाकून तारांखालून पुढे झाले. डिशकडे बघितलं. मग माझ्याकडे. मग माझ्या पाठीमागे.

"ते काय आहे?"

मी वळले. शेजारच्या इमारतीवर, पाण्याच्या टाकीला लागून, एक उंच नवाकोरा टॉवर. त्यावर आमच्याच कंपनीची पाटी. एवढा जवळ, की काकांनी जरा जोरात टाळ वाजवले असते तर इंटरनेटशिवाय तिथे ऐकू गेले असते!

मी सांगलीला रजेवर गेले होते, तेव्हा तो उभा राहिला होता. ऑफिसच्या ग्रुपवर तसा निरोपही आला होता. पण त्या ग्रुपवर रोज सकाळी इतकी फुलं नि सुप्रभात येतात, की मी तो उघडतच नाही.

आणि ऐका, मी ज्या सावलीत बसून डबा खाल्ला होता ना? ती त्याच टॉवरची होती!

"पण काकांनी मला सांगितलं होतं, टॉवर पक्का आहे म्हणून!" मी रडकुंडीला येऊन म्हटलं.

तोवर काकाही वर आले होते. "पक्का नाही मा. पक्कम!"

मुरुगन सरांनी डोक्याला हात लावला. "पक्कम म्हणजे जवळ. रोंब पक्कम म्हणजे अगदी जवळ."

माझा चेहरा कसा झाला असेल, तो तुम्हीच डोळ्यांपुढे आणा. सरांनी पिशवीतून ती पाटीएवढी पेटी काढली, कठड्याला अडकवली. खाली काकांचं कीर्तन असं धो धो सुरू झालं, की पोरांना थांबा म्हणावं लागलं.

वर्ग संपल्यावर काकूंनी कॉफी दिली. मला राहवेना. "काका, तुम्ही सरळ 'जवळ' का नाही हो म्हणालात? तुमच्यात जवळला जवळ म्हणत नाहीत?"

"म्हणतों की! घरांत जवळच म्हणतों."

"मग?"

काका जरा ओशाळले. काकूंकडे बघितलं. मग अगदी हळुवारपणे म्हणाले, "फोनवर तुझं बोलणं ऐकलों मा. सिग्नल चेक करते, लोकेशन शेअर करा, कन्फर्म सांगा... मला वाटलं, बिचारीला मराठी येत नाही. सोपं जावं म्हणून मध्ये मध्ये तमिळ घातलों."

माझी आई सांगलीच्या शाळेत मराठी शिकवते. तिला यातलं अजून काही माहीत नाही, आणि तुम्हाला माझी शपथ आहे.