बरणीतलं हिरवं पाणी
परवा समुद्री मिठाची पिशवी फोडली आणि त्या वासाने सांगलीचं घर आठवलं. माझा चिमुकला समुद्री मासा फक्त जिवंत कोपेपॉड, म्हणजे तिळाहून बारीक पाणकिडे खायचा. ते मी बरणीतल्या हिरव्या, खाऱ्या पाण्यात वाढवायचो. मी दोन दिवस साताऱ्याला गेलो, तेव्हा फौजेतून निवृत्त झालेल्या वडिलांनी ती बरणी घासून नळाच्या पाण्याने भरून ठेवली. "पानी लय घाण झालं हुतं रं," ते म्हणाले. "तुमाला कुणी सांगितलं हुतं हात लावायला?" मी ओरडलो. दुसऱ्या दिवशी ते माशाच्या काचेच्या टाकीपाशी बसून भाकरीचा चुरा सोडत पुटपुटत होते, "खा की रं गड्या." मासा उपाशीच मेला. त्याची हळहळ लवकर ओसरली. वडिलांशेजारी तेव्हा जाऊन बसलो नाही, हे मात्र ते गेल्यावरही सलतं.