मेंदूतल्या बायका

दवाखान्याच्या बाकड्यावर बसून बसून माणसाकडं किस्से जमत जातात. मागायला कुणी येत न्हाई, तरी वाढतातच! आमचे मालक पूर्णेजवळच्या रेल्वे फाटकावर गेटमन होते. लाल झेंडी हलवली की आख्खी मालगाडी उभी करायचे. आता कंपवातानं त्यांचा हात थरथरतो. पोरगा दिगंबर म्हणतो, पुण्याच्या केअर सेंटरात ठेवू. मी म्हणते, न्हाई ठेवायचं!

*

परभणीचे डॉक्टर वयानं लहानच. म्हणाले, "आजी, यांच्या मेंदूतल्या काही पेशी मेल्यात. त्या परत येत नाहीत."

"अन् जित्या हायत त्या?"

"त्यांना जपायचं."

"मग लेकरा, मेलेल्यांचं कवतिक कशाला सांगायलास? जित्यांचं बोल की!"

*

नात प्रणिता फार्मसी शिकायलीय. तिनं समजावलं, "आजी, कामाच्या पेशी लय जळण जाळतात. त्यानं आतून गंज चढल्यागत होतं. पण बाजूला आधाराच्या पेशी असतात. त्या गंजावरचा उतारा बनवून शेजारणीला पुरवतात. तिची खराब झालेली चरबी सुदिक आपल्या अंगावर घेतात. आधीचे शास्त्रज्ञ म्हणायचे, ह्या नुसता डिंक. चिकटवायला!"

"शास्त्रज्ञ सगळे बाप्येच होते का गं?"

प्रणिता हसून हसून लाल! पण मी इचारलं, "ह्या आधाराच्या थकल्या तर?"

"मग कामाच्या बी जातात, आजी."

"मग थकायचं न्हाई," मी म्हणलं.

*

पालमच्या बाजारात एकजण माईक लावून पावडर इकायलता. "मेंदूचा गंज उतरवा!"

"थेट मेंदूत जाते का रे?"

"एकदम थेट, मावशी!"

"मग आधी तू खा. मला इथंच फरक दिसू दे!"

माईकच बंद झाला.

*

मालकांना मी अर्धाच कप चहा देते, सांडू नये म्हणून. संपला की परत अर्धा. शेजारचे गुरुजी म्हणाले, "काय वहिनी, एवढी कंजुषी?"

माझ्याआधी मालकच बोलले, "मागून दुसरी गाडी यायलीय, गुरुजी. सिग्नल दिलाय!"

*

दिवाळी झाली अन् दिगंबर गाडी घेऊनच आला. बापाची बॅग भरून डिकीत टाकली.

"आई, तुझ्यानं आता व्हत न्हाई. तिथं नर्स हायत, डॉक्टर हायत, सगळं हाय."

"मी हाय का तिथं?"

त्यानं गाडी चालू केली, दाराशी लावायला म्हणून पुढं घ्यायला लागला.

मालक बाजेवरून उठले. पडू नयेत म्हणून मी खांद्याला खांदा लावून उभी राहिले. त्यांनी माझ्या लाल लुगड्याचा पदर मुठीत धरला, हात वर केला अन् मला संगं घेऊनच ते गाडीपुढं जाऊन उभे राहिले. हात थरथरायलाच होता. पदर नुसता फडफडायला लागला.

दिगंबरनं इंजिन बंद केलं.