बारीक आवाजातला नाच

दौंडच्या रेल्वे क्वार्टर्समध्ये दुपारची सामसूम झाली, की मी अभ्यासाची वही काखेत मारून शेजारच्या मैत्रिणीकडे जायचे आणि आम्ही दोघी दार लावून नाचायचो. अभ्यास बारावीचा होता आणि नाच कुठल्या मुलखातला होता ते आम्हाला ठाऊक नव्हतं. तिचा मामा बोटीवर कामाला होता. सुट्टीवर येताना त्याने एक कॅसेट आणली होती, तिच्यावर ना नाव ना गाव. मामा म्हणाला, तिकडं पोरं ह्याच्यावर तासन् तास नाचतात. तेवढी शिफारस आम्हाला पुरली.

पहिल्यांदा लावली तेव्हा आम्ही पलंगावर बसून गाणं सुरू व्हायची वाट बघत होतो. खाली एकसारखा ठोका, धप धप धप धप. मग त्यात टाळ्या आल्या, मग पियानो. मधूनच एक बाई एकच ओळ म्हणून गेली, ती कुठल्या कुठे. कडवं नाही, धृपद नाही. वाट बघता बघता आमचे पायच हलायला लागले, आणि मग मैत्रीण म्हणाली, "अगं, हेच गाणं आहे!"

अडचण एकच होती. तिचे वडील गार्ड होते आणि रात्रपाळी करून शेजारच्या खोलीत झोपलेले असायचे. त्यामुळे टेपचा आवाज इतका बारीक, की धाप लागली तर आपल्याच श्वासात गाणं बुडायचं. मग आम्ही थांबून, वाकून, टेपला कान लावून ठोका पुन्हा पकडायचो आणि पुढे नाचायचो. अनवाणी, सतरंजीवर, हसू ओठात दाबून.

खूप वर्षांनी माझ्या मुलाने इंटरनेटवर शोधून मला सांगितलं, की आई, ह्या संगीताला हाउस म्हणतात. मी म्हटलं, नाव झकास ठेवलंय, आम्ही ते घराबाहेर कधी ऐकलंच नाही.

लग्न होऊन मी शिरूर तालुक्यात निमोण्याला आले. सासरी दोन पिढ्यांपूर्वी मेंढरं होती, आता ऊस आणि कांदा. पहिल्याच यात्रेत धनगरांचा गजी नाच पाहिला. ढोल घुमतोय, फेटेवाले पुरुष गोल धरून नाचतायत, ठोका तोच, आणि त्याच त्या ठोक्यात हळूहळू रंग चढतोय. मला आनंदाने ओरडावंसं वाटलं, कारण ही तर माझीच कॅसेट होती! गाणं सुरू कधी होणार असं इथेही कोणी विचारत नव्हतं. लुगड्याखाली माझा अंगठा ठेका धरायला लागला. सासूबाईंनी खाली पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. एवढंच. पण त्यांची ती नजर मी पुढे प्रत्येक वरातीत सोबत घेऊन फिरले. नणंदा नाचल्या, जावा नाचल्या, आता तर त्यांच्या पोरी गॉगल लावून नाचतात. मी मात्र सगळ्यांच्या पर्सा सांभाळणारी बाई होऊन बसले.

पर्सा सांभाळताना माणूस टीकाकार होतो. बँडची क्लॅरिनेट गेली, बॅन्जो आला, बॅन्जो गेला आणि डीजे आला, हे सगळं मी रस्त्याच्या कडेला उभं राहून पाहिलं. माझं ठाम मत होतं, की नाचाचं पार वाटोळं झालंय. एक गाणं धड मिनिटभर टिकत नाही. मध्येच भोंगा, मध्येच ऑपरेटर स्वतःच्याच नावाने आरोळी ठोकतो, मग सगळं थांबतं, मग धडाम! पोरं नाचतात कमी आणि धडामची वाट बघतात जास्त. आणि तो आवाज! पोटातलं जेवण जागा बदलतं. मी तावातावाने सांगायचे, की आमच्या वेळचं संगीत कसं कानात अलगद यायचं. मुलगा म्हणायचा, हो आई.

मागच्या उन्हाळ्यात ह्याच मुलाचं लग्न ठरलं. मुलगी वरवंडची, कार्यालय हायवेला. आमच्याकडे लग्न लागायच्या आधी नवरदेव घोड्यावरून वाजतगाजत मारुतीच्या दर्शनाला जातो, तो परण्या. हल्ली परण्यात नवरदेवाच्या आईला नाचवल्याशिवाय पोरं पुढे सरकत नाहीत. मुलगा म्हणाला, "आई, या वेळी पर्स नाय. नाचायचं."

मी म्हटलं, नाचेन, पण माझ्या गाण्यावर. वाटलं, सुटले. तर पठ्ठ्याने ते गाणं शोधून पेन ड्राइव्हवर घालून दिलं. मग मात्र माझी झोप उडाली. मला नाचायचं होतं, अगदी मनापासून. पण सासूबाई मारुतीच्या पारापाशी खुर्ची टाकून बसणार होत्या आणि परण्या त्यांच्यासमोरूनच जाणार होता. इतकी वर्षं ज्या नजरेला भ्यायले, तिच्या पुढ्यात नाचायचं होतं. आज जमलं नाही तर पुन्हा काही जमणार नाही, हे मला कळत होतं. मुलगा मला एकच आहे. दौंडहून मैत्रीण आली होती, गुडघ्याला पट्टा बांधून. ती म्हणाली, "मी आहे ना."

पाराजवळ आल्यावर ऑपरेटरने पेन ड्राइव्ह लावला. धप धप धप धप. सगळे हात वर करून उभे राहिले. ठोका चालू, हात तसेच वर. टाळ्या आल्या. कोणी हलेना.

"ओ, गाणं लावा की!" एक पुतण्या ओरडला.

ऑपरेटरने गाणं पुढे ढकललं. धप धप. आणखी पुढे. धप धप. मग टेम्पोवरून वाकून मला म्हणाला, "काकू, फाईल खराब हाय. म्युझिकच वाजतंय, गाणं न्हाई आत."

"हेच गाणं आहे! पहिल्यापासून लाव, आणि हात लावू नकोस!" मी इतक्या जोरात ओरडले, की घोडासुद्धा मागे सरला.

गाणं पहिल्यापासून लागलं. मैत्रीण पुढे झाली आणि तिने दंडाला धरून मला ओढलं. मी सासूबाईंकडे पाहिलं. त्या माझ्याकडेच बघत होत्या. तेवढ्यात त्या भिंतीएवढ्या स्पीकरांतून पियानो आला.

मी चरकले. तो सूर छातीवर येऊन आदळला. त्या सुरांच्या खाली आणखी एक सूर होता, जाडजूड, गोल, रस्त्यातून पायात चढणारा. तो मी जन्मात ऐकला नव्हता. ती बाई आली आणि तिची ती एक ओळ वरवंडच्या त्या चौकात भरून राहिली. ती कुजबुजत नव्हती, गळा फोडून गात होती. म्हणजे हे संगीत अलगद वगैरे कधीच नव्हतं. ते मोकळ्या जागेत, गर्दीत, मोठ्ठ्याने वाजण्यासाठीच केलेलं होतं. अलगद होतो त्या आम्ही दोघी, गार्डसाहेबांची झोप मोडू नये म्हणून. मी पन्नाशी ओलांडल्यावर माझं आवडतं गाणं पहिल्यांदा ऐकत होते. मला रडू आलं आणि मी नाचत होते.

नाचले म्हणजे कशी, तर पदर खोचून, डोळे मिटून, कोण बघतंय ह्याची शुद्ध न ठेवता. थोड्या वेळाने जावा आल्या, मग पोरी आल्या. गाणं सुरू व्हायची वाट बघणं त्यांनी कधी सोडलं ते त्यांनाही कळलं नसेल. ऑपरेटरने सवयीने आवाज खाली घेतला तर मीच टेम्पोवर थाप मारून म्हटलं, "वाढव!" कार्यालयातून माणूस पळत आला, मुहूर्त टळायला आला होता, गुरुजी कावले होते. तेव्हा कुठे गाणं बंद झालं.

नवरदेव मारुतीच्या पाया पडायला गेला. मी धापा टाकत पाराच्या कडेला उभी राहिले. समोर सासूबाई होत्या. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"एवढ्या लोकांत, सूनबाई, लाज न्हाई वाटली?"

"न्हाई वाटली, आत्या," मी म्हटलं. "वाटंल वाटंल म्हणून इतकी वरसं भ्याले. आज नाचून बघितलं तर वाटलीच न्हाई."

पुढचे दोन दिवस त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. मी त्यांच्या चहात नेहमीएवढीच साखर घातली.