झोपाळ्यावरची पावलं

सई आणि नील,

सर काहीही महत्त्वाचं बोलण्याआधी टाचेनं जमिनीवर एक रेष ओढायचे. मातीवर, फरशीवर, एकदा तर माझ्या नव्या पायपुसण्यावर. मग समोरच्याकडे बघून म्हणायचे, "रेषेच्या मागं." तुम्ही त्यांना फक्त फोनच्या पडद्यावर पाहिलं. तिथे पाय दिसत नाहीत, म्हणून तुम्हाला प्रश्न पडायचा की सर मधेच खुर्चीतून का उठतात. ते रेष ओढायला उठायचे.

गेल्या रविवारी नीलनं विचारलं, की चालण्याचं नवीन चॅलेंज सुरू करायचं आहे, तर यादीतलं सगळ्यात खालचं नाव काढून टाकू का? ते कधीपासून शून्यावरच आहे. मी म्हटलं, थांब, लिहून कळवते. ही गोष्ट फोनवर सांगण्यासारखी नाही. आणि जन्मभर इंग्रजी शिकवूनही मला ती इंग्रजीत लिहिता आली नाही, कारण सर त्यात मावत नाहीत. आई वाचून दाखवेल. अडेल तिथे तिला थांबवा. सर आपल्या खेळात होते तेव्हा तुम्ही लहान होतात. आता बाद होणं म्हणजे काय, हे कळण्याएवढे मोठे झाला आहात.

श्रीरामपूरला आम्ही एकाच शाळेत होतो. मी इंग्रजी शिकवायची, सर खेळ. ते मूळचे नगर जिल्ह्यातल्या कर्जतकडचे, कोरडवाहू शेतकऱ्याच्या घरातले. उंच, काटक, आणि बोलणं शेवटपर्यंत गावाकडचंच. निरीक्षक आले तरी त्यांनी "हाय"चं "आहे" केलं नाही. मैदानावर मुलींच्या रांगा लावायचं काम कधी माझ्याकडे आलं, की मी "प्लीज फॉर्म अ लाइन" म्हणायची. सर लांबून ऐकायचे आणि शिक्षकांच्या खोलीत येऊन सांगायचे, "बाई प्लीज म्हनत्यात तवर पोरी घरी जाऊन जेवत्यात." मग त्यांची शिट्टी वाजायची आणि रांग सरळ व्हायची.

ते कोणाला सूट देत नसत. मुख्याध्यापकांच्या पुतण्याला त्यांनी खो-खोच्या संघातून वगळलं होतं. पण त्यांची खरी ख्याती झाली ती मंदामुळे. मंदा त्यांची एकुलती मुलगी, आमच्याच शाळेत दहावीला होती आणि वाऱ्यासारखी पळायची. जिल्ह्याच्या स्पर्धेसाठी नगरला कोण जाणार, हे ठरवायची शर्यत होती. सरांनी चुन्याची पांढरी फक्की टाकून रेष आखली आणि सगळ्यांना बजावलं, की अंगठा रेषेला लागला तर बाद. शिट्टी तोंडाशी नेली, पण वाजवली नाही. खाली उतरवली आणि म्हणाले, "मंदे, बाजूला हो." तिनं लागला नाही म्हणून सांगितलं. पाय उचलून दाखवलाही. सर म्हणाले, "एकदा सांगितलं." हे मी नंतर ऐकलं; मी तेव्हा मैदानाच्या दुसऱ्या टोकाला, शेवटच्या रेषेपाशी उभी होते. मला एवढंच दिसलं, की मंदा अनवाणी चालत नळापाशी गेली आणि बराच वेळ तिथेच उभी राहिली.

ती पुन्हा पळाली नाही. तिचं लग्न होऊन ती काष्टीला गेली. सर मात्र दर वर्षी नव्या मुलांना ही गोष्ट सांगत. "पोटच्या पोरीला सोडलं न्हाई, तुमाला सोडतो व्हय?" मुलं चिडीचूप होत. मीसुद्धा दोन-तीनदा प्रार्थनेनंतर ही गोष्ट सांगितली आहे, प्रामाणिकपणाचं उदाहरण म्हणून. तुम्हालाही त्यांनी ती फोनवर सांगितली होती. सईनं तेव्हा विचारलं होतं, "मग ती रडली का?" सर म्हणाले होते, "शर्यत झाल्यावर इचारायचं असतं ते."

आम्ही दोघंही निवृत्त झालो. त्यांचं घर आपल्या घराला लागूनच, मधे फक्त तारेचं कुंपण आणि एक छोटं फाटक. त्यांच्या पत्नी गेल्या, मग तुमचे आजोबा गेले. त्या दिवाळीत तुमच्या बाबांनी मनगटावर बांधायचे, पावलं मोजणारे दोन पट्टे आणले. एक माझ्यासाठी आणि दुसरा, ते म्हणाले, जो कोणी तुझ्याबरोबर चालेल त्याच्यासाठी. तुमचा हुकूम होता की आपण दोन संघ करायचे. तिकडे परदेशात तुम्ही दोघं, इकडे आम्ही दोघं. आठवड्याची पावलं रविवारी सकाळी फोनवर मोजायची आणि हरणाऱ्यानं सगळ्यांसमोर कारलं खायचं.

मी सरांना विचारलं. त्यांनी पट्टा उलटसुलट करून पाहिला. "यानं पावलं मोजत्यात? आन् यालाच कुनी फसवलं तर?" मी म्हटलं, मुलांचा खेळ आहे, कोण फसवणार? त्यांनी टाच फिरवली. "खेळ हाय म्हनूनच इचारतो."

पहिल्याच रविवारी त्यांनी नियम केले. पट्टा डाव्या हातालाच बांधायचा, दुसऱ्याला द्यायचा नाही, आणि गुपचूप काही करायचं नाही. नील, तू भला मुलगा. तू म्हणालास की आजी आणि सर म्हातारे आहेत, तर त्यांची पावलं दीडपट धरूया. मला ते अगदी रास्त वाटलं होतं. सर म्हणाले, "वयाची सूट मागायची न्हाई. आमी रेषेच्या मागं, तुमी रेषेच्या मागं." पहिला आठवडा आम्ही हरलो. सरांनी कारल्याच्या काचऱ्या चेहरा न हलवता खाल्ल्या आणि आणखी मागितल्या, तेव्हा तुमचा जिंकण्याचा आनंद अर्धा झाला.

मग आम्ही कालव्याच्या कडेनं चालायला लागलो. मळीचा वास येई, उसाचे ट्रॅक्टर गेले की धूळ उडे, चर्चची घंटा झाली की सर मागे वळत. ते माझ्यापेक्षा चार पावलं पुढे असत आणि मागे न बघता सांगत, "बाई, हात हलू द्या. हात हलला की पाय येतो." हिवाळाभर आम्ही कधी जिंकलो, कधी हरलो. मला जिंकायची चटक लागली. रोज संध्याकाळी मी त्यांना निरोप पाठवायची, आज आपण एवढे मागे आहोत, उद्या भरून काढा. ते फक्त अंगठा पाठवत.

उन्हं वाढली तसे ते माझ्याबरोबर यायचे बंद झाले. म्हणाले, मी पहाटेच जाऊन येतो, तुमाला एवढ्या लवकर जमनार न्हाई. त्यांची पावलं तर वाढतच होती. लागोपाठ दोन रविवार आम्ही जिंकलो आणि तुम्ही दोघांनी डोळे मिटून कारलं खाल्लं. मला एवढा आनंद झाला, की सर रस्त्यात कुठे दिसत का नाहीत, हे माझ्या मनातच आलं नाही.

चैत्रातली दुपार होती. आंब्याची डाळ केली होती, ती वाटीत घेऊन मी मधल्या फाटकातून त्यांच्या मागच्या पडवीत गेले. हाक मारली नाही. वाटी गार आहे तोवर द्यावी, एवढंच डोक्यात होतं.

पडवीत त्यांचा लोखंडी झोपाळा आहे. त्यावर कोणी नव्हतं, तरी तो हलत होता. सर बाजूच्या खुर्चीत बसले होते. उजवा पाय स्टुलावर, गुडघा टम्म सुजलेला, त्यावर कसला तरी लेप. हातात एक सुतळी, तिचं दुसरं टोक झोपाळ्याला. पाळण्याची दोरी ओढावी तशी ते ती ओढत होते. आणि झोपाळ्याच्या दांडीला, रुमालाची घडी घालून, पट्टा बांधला होता. झोका परतताना दांडीला हिसका बसायचा आणि पट्ट्याला ते पाऊल वाटायचं.

मला पाहून त्यांचा हात थांबला. झोपाळा थांबला नाही. तो आपला हलत राहिला, हळूहळू, आणि आम्ही दोघं त्याच्याकडे बघत राहिलो. तो थांबेपर्यंत पट्टा मोजत होता, हे दोघांनाही माहीत होतं.

"बाई," ते म्हणाले, "फाटक वाजवायचं हुतं."

त्या क्षणी मला स्वतःच्या डोळ्यांची लाज वाटली. मी वाटी ठेवली आणि निघाले. त्यांनी थांबवलं. मी विचारलं नव्हतं, तरी सर सांगत गेले. रामनवमीच्या आधीच गुडघ्यानं दगा दिला होता. डॉक्टरांनी चालणं बंद सांगितलं होतं. एकदा झोपाळ्यावर नुसते बसले असताना पावलं वाढलेली दिसली, तेव्हा हसू आलं. दुसऱ्या दिवशी माझा निरोप आला की आपण मागे आहोत. मग एकच दिवस करू, असं ठरवलं. सूट नको म्हणून स्वतःच सांगितलं होतं, आता कोणत्या तोंडानं मागणार?

मी म्हटलं, सर, सोडून द्या. मुलांना सांगते की पट्टा बिघडला.

त्यांनी हातातली सुतळी खाली टाकली. "तुमी इंग्रजी शिकवलं, बाई. खेळ न्हाई शिकवला." मग खाली बघून म्हणाले, "मंदीला बाद केलं ते आता कुनाला सांगू?"

तो रविवार तुम्हाला आठवतो का? सर इस्त्रीचा शर्ट घालून काठी टेकत आपल्या घरी आले आणि फोनसमोर ताठ बसले. त्यांनी सरळ सांगितलं की पट्टा झोपाळ्याला बांधला होता, पावलं खोटी आहेत, दोन्ही रविवार तुमचे. शेवटी म्हणाले, "मी बाद."

तुम्ही हसलात. खूप हसलात. नील म्हणाला, सर, काय भारी आयडिया! सई म्हणाली, यानंही एकदा आमच्या बिस्किट कुत्र्याच्या गळ्यात पट्टा बांधून त्याला बागेत सोडलं होतं. मग कुत्रं कसं पळालं, ते तुम्ही एकमेकांच्या वरताण सांगू लागलात. मी तुम्हाला दोष देत नाही. तुम्हाला खेळाची गंमत दिसली, आणि तुमच्या वयाला तेच शोभत होतं. सर तुमचं हसणं संपेपर्यंत थांबले. मैदानावरचा गोंगाट शांत होईपर्यंत थांबायचे, तसेच. मग पुन्हा एकदा म्हणाले, "मी बाद," आणि पट्टा काढून माझ्या टेबलावर ठेवला. तोवर तुम्ही तुमच्याकडे अजून पडणाऱ्या बर्फाबद्दल बोलायला लागला होतात.

फोन बंद झाल्यावर ते म्हणाले, "लेकरांना बाद म्हंजी काय ते ठावं न्हाई. बरं हाय." मग मला म्हणाले, "मंदीला लावा."

ते फोनवर नेहमी स्पीकर लावून बोलत, ऐकू कमी यायचं. मी उठायला लागले तर हातानं बस म्हणाले. पंचाला साक्षीदार लागतो, तसं काहीतरी असावं. मंदा फोनवर आली. मागे म्हशीला कोणीतरी हाकलत होतं. सरांनी तिला झोपाळ्याचं सगळं सांगितलं. ती फक्त "हं, हं" म्हणत होती. मग त्यांनी विचारलं, "मंदे, खरं सांग. त्या दिवशी तुझा अंगठा रेषेला लागला हुता का?"

म्हशीचा आवाज लांब गेला, मंदा बाजूला आली असावी.

"लागला हुता, अण्णा," मंदा म्हणाली. "रेषेवरच हुता. तुमी बरोबर दिलं."

सरांनी डोळे मिटले. "गुडघ्याला शेक द्या," मंदा म्हणाली, आणि फोन ठेवला.

त्यानंतर त्यांनी पट्टा बांधला नाही. मी कालव्यावरून परत आले की ते फाटकाशी खुर्ची टाकून बसलेले असत. काठीनं मातीत रेष ओढत. मी रेषेच्या मागे उभं राहून मनगट पुढे करायचं, ते पट्ट्यावरचा आकडा चष्मा वर करून वाचत आणि मान हलवत. मग मी आत जायचं. पुढच्या हिवाळ्यात ते गेले. तुमच्या बाबांनी तुम्हाला सांगितलं होतं, पण तुमच्या परीक्षा चालू होत्या.

तेराव्यानंतर मंदा घर आवरायला राहिली. तिनं फक्त झोपाळा न्यायचं ठरवलं. टेम्पोत तो चढवताना मी तिला म्हटलं, तू त्या दिवशी खरं सांगितलंस, फार बरं केलंस. अण्णांचा जीव शांत झाला.

ती दोरी आवळत होती. "खरं कुठलं, बाई? अंगठ्याला फक्की न्हवती. मी पाय उचलून दावला तर त्येंनी खाली बघितलंच न्हाई. आन् तुमी बी कुनी इचारलं न्हाई."

मग का सांगितलंस, मी विचारलं.

"एका दिवसात दोनदा बाद कसं करायचं मानसाला?"

तिनं गाठ मारली, हात पदराला पुसले आणि टेम्पोत पुढे जाऊन बसली. मी फाटकाशी उभी होते. मी प्रार्थनेनंतर समोर बसलेल्या मुलींना ती गोष्ट ज्या आवाजात सांगायची, तो आवाज मला ऐकू येत होता. मंदाची वर्गशिक्षिका मीच होते. नळापाशी जाऊन मी तिला एक प्रश्न विचारू शकले असते.

नील, म्हणून ते नाव काढू नकोस. नवीन चॅलेंजमध्ये आमची पावलं दीडपट धरा. मी सूट मागते आहे. झोपाळा काष्टीला मंदाच्या ओट्यावर आहे, तिची नात त्यावर बसते. पट्टा माझ्या कपाटात आहे आणि चालू आहे. सरांचं नाव यादीत शेवटी आहे, आणि त्याच्यासमोर शून्य आहे.