कुमुदच्या नावाचा जीव

ग्लिसरीन जेलीला वैशाखातल्या दुपारी गोडसर, औषधी वास सुटतो. थंडीत ती काचपट्टीवर घट्ट बसते आणि तिच्यात अडकवलेला कण आता जन्मात हलणार नाही अशी खात्री वाटते. पण उज्जैनचा उन्हाळा कुणाच्या खात्रीला भीक घालत नाही. बिजली गेलेली, पंखा थांबलेला, प्रयोगशाळेच्या पत्र्यातून ऊन आत झिरपत असलेलं, आणि मी सूक्ष्मदर्शकाचा आरसा खिडकीकडे वळवून मिळेल तेवढा उजेड गोळा करत बसलेली, अशी ती वर्षं आठवली की अजूनही मला एका जागी बसवत नाही.

देशाची दारं उघडली होती म्हणे. देवास गेटला बसमधून उतरलं की संगणक-वर्गांचे नवे फलक, एसटीडीच्या पिवळ्या पाट्या, गच्च्यांवर आभाळाकडे तोंड करून बसलेल्या डिश. माझ्याबरोबरची मुलं एकेक करून इंदूर-मुंबईच्या नोकऱ्यांना निघून गेलेली. आणि मी? नर्मदेच्या खोऱ्यातून आणलेला खडक तेजाबात विरघळवायचा, उरलेला गाळ धुवायचा आणि जो समुद्र केव्हाच ओसरला त्याचे रहिवासी त्या चिमूटभर काळ्या चुऱ्यात हुडकत बसायचं, हा माझा उद्योग. ‘यातून पुढे काय?’ असं कुणी विचारलं की माझं डोकंच फिरायचं, कारण तोच प्रश्न मीही रोज स्वतःला विचारत होते.

डायनोफ्लॅजेलेट हे समुद्राच्या पाण्यावर तरंगणारे एकपेशीय जीव. दिवस वाईट आले की त्यांतले काही स्वतःभोवती चिवट कोश तयार करतात, तळाच्या गाळात पडून राहतात, आणि दिवस फिरले की कोशाची एक ठरावीक चकती ढकलून बाहेर निघून जातात. जीव जातो, रिकामा कोश उरतो आणि कधी कधी खडक होऊन आपल्यापर्यंत पोचतो. कुठली चकती निखळली, म्हणजे दार नेमकं कुठे उघडलं, यावरून त्याचं कूळ ओळखायचं. माझ्या कोशाचे काटे एका ओळखीच्या जातीचे होते, पण दार भलत्याच बाजूला, जिथे त्या कुळात कुणाचंच नसतं. बाकीचे सगळे नुसते तुकडे. धड असा तो एकच, आणि त्या एकाच्या भरवशावर मी नव्या जातीचं वर्णन लिहून काढलं होतं.

नव्या जातीला स्वतःचं नाव देणं बरं दिसत नाही, दुसऱ्याचं मात्र देता येतं. मी आईला म्हटलं, तुझं देते, सुनंदा. ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, “द्यायचंच तर कुमुद दे.” तिचं माहेरचं नाव कुमुद, हे मला ठाऊक होतं, पण एखाद्या शहराचं जुनं नाव ठाऊक असावं तसं. लग्नात ताटातल्या तांदळांवर अंगठीने नवं नाव लिहिलं गेलं आणि जुनं माहेरी, धारला राहिलं. आजी-आजोबा गेले, मग मामाही गेला, आणि त्या नावाने हाक मारणारं कुणी उरलंच नाही. मी कुमुद नाव पक्कं केलं, आणि आईने सगळ्या मोहल्ल्यात सांगून ठेवलं, की मेरे नाम का जीव निकला है समंदर में! शेजारच्या भाभींनी भाबडेपणाने विचारलं, “ये कुमुद कौन?” तर ही पदर तोंडाला लावून हसली, “अरे, मैं ही तो!” इतकी लाजलेली आई मी कधी पाहिली नव्हती.

आणि मग तो वैशाख. काचपट्ट्यांची पेटी कुणीतरी खिडकीत उभी ठेवली, जेली सैल झाली, आणि दुसऱ्या दिवशी माझा कोश नोंदलेल्या जागी नव्हता. सापडला तेव्हा तो कुशीवर वळला होता, आणि इतके दिवस भिंतीच्या घडीआड लपलेली त्याची पाठ समोर आली होती. पाठीवर दार होतं. कडा सरळ, कोपरे नेटके, अगदी त्या ओळखीच्या जातीत असायला हवं तिथेच. मी ज्याला दार समजत होते ती नुसती चीर होती. माझ्या मार्गदर्शक सरांनी कितीतरी वेळ डोळा लावून पाहिलं आणि हळूच म्हणाले, “फाटलंय गं ते. दार हे इकडे आहे.”

सर गेल्यावर मनात आलं, स्पिरिटचा दिवा पेटवावा, जेली जराशी ऊन करावी, सुईच्या टोकाने कोश पुन्हा पालथा घालावा; सर तर पुढच्याच महिन्यात निवृत्त व्हायचे होते, कोण बघायला येणार होतं? हात दिव्यापर्यंत गेलासुद्धा. पण एकदा दिसलेलं दार न दिसल्यासारखं कसं करायचं? मी वर्णनाची पानं पिशवीत कोंबली आणि बाहेर पडले. घरी जायला पाय धजेना. बाजारातून, घाटावरून, आटलेल्या क्षिप्रेच्या कडेकडेने उगीच चालत राहिले. नदीतून शेवाळाचा आणि भिजल्या निर्माल्याचा वास येत होता, आणि मला त्या नदीचा, शहराचा, माझ्या विषयाचा, सगळ्याचाच संताप येत होता.

घरी पोचले तेव्हा दिवेलागण होत होती, बिजली गेलेलीच होती. आई ओट्यावर हातपंख्याने वारा घेत बसली होती. मी एका दमात सगळं सांगून टाकलं.

“म्हणजे त्याचं नाव आधीच ठेवलेलं होतं?”

“हो. दूर कुठल्याशा देशात, माझ्या जन्माच्याही आधी. शास्त्राचा नियमच आहे, आई. पहिलं ठेवलेलं नाव तेच खरं. नंतर कुणी कितीही हौसेनं दुसरं ठेवलं तरी ते धरत नाहीत.”

तिचा पंखा थांबला. “असा नियम आहे?”

“आहे.”

“सगळ्या जगात?”

“सगळ्या जगात.”

मला वाटलं, रडते की काय. पण ती अंगणाकडे बघत अगदी सरळ बसली होती, आणि तिचं तोंड मला नीट दिसत नव्हतं. तिला त्या नावाने एकदा तरी हाक मारावी असं फार फार वाटलं. ओठांवर आलंही. पण लेकीने आईला नावाने हाक मारायची तरी कशी? जन्मभराचं वळण आडवं आलं, जीभच रेटेना.

तेवढ्यात आतून बाबांचा आवाज आला, “सुनंदा, पाणी आण गं.”

आई जागची हलली नाही. बाबांनी पुन्हा हाक मारली, तेव्हा मीच उठले.