हमालाच्या घरची बंद खोली

त्या सकाळी ठाण्यात कोन कोन होते, ते आधी सांगते. ठाणेदार साहेब, रायटर भाऊ, राइस मिलचा मुनीम, मिलमधला एक हमाल, त्याची बायको, आन् मी. नाव कोनाचंच घेत नाही. मी सातवी शिकली. नवरा पोलिसात नोकरीत असतानाच वारला मनून मले शिपाई केलं, हवालदार होऊन रिटायर झाली. लय केसी विसरली. ही काही जात नाही.

मिलमधी धानावर प्लास्टिक झाकलं होतं, आत कीड मारायच्या गोळ्या ठेवल्या होत्या. त्याच्याच खालून पोते चोरीले गेले. खबऱ्यानं सांगतलं, मुर्री गावाकडं राहणारा हमाल सायकलवर पोते नेऊन राहिला होता. आम्ही नवरा-बायको दोघालेही उचलून आनलं.

साहेबानं एकच धरलं, माल कुठं आहे? हमाल म्हने, मले नाही माहीत. मंग पट्टा निघाला. बाई भिंतीले टेकून ओकाऱ्या काढून राहिली होती. साहेब म्हने, ठाण्यात आलं का सगळ्याइच्याच पोटात दुखते. मी तिले पानी दिलं. पदराले सडक्या लसनासारखा वास होता. लसनाचा वास येते, काय रांधलं होतं बाई, मी इचारलं. तं म्हने, कालपासून चूल पेटली नाही.

हे मुनीमानं आयकलं. त्याचं तोंडच उतरलं.

"साहेब, हा वास गोळ्याइचा. त्याच्या पुड्या त्या पोत्याइतच होत्या. ते जिथं असतीन तिथं मानूस नको."

हमाल खालीच पाहत राहिला. बायकोनं त्याच्याकडं पाहिलं, मंग माझ्याकडं.

"सासू आहे घरी," ती म्हने. "पडूनच राहते. पोते तिच्याच खोलीत आहेत. कोनाले दिसू नये मनून खिडकी बुजवली, बाहेरून कडी घातली. मी सकाळीच शेनानं सारवलं, बाई. ओलंच आहे तिथं."

जीप पळवली. दार उघडलं तं वास अंगावर आला. म्हातारी जमिनीवर होती, श्वास चालू होता. तशीच दवाखान्यात नेली. डॉक्टरनं सांगतलं, गोळीत अॅल्युमिनियम फॉस्फाइड राहते, ओल लागली का त्याचा फॉस्फीन वायू सुटते, हवेपेक्षा जड, खाली बसते. त्याले उतारा नाही. दुपारी म्हातारी गेली.

माल जप्त झाला. साहेबाले शाबासकी भेटली. रायटर भाऊनं लिहिलं, आरोपीनं गुन्हा कबूल केला.

मी बाईले इचारलं, आधी कायले नाही सांगतलं?

"कोनं इचारलं?" ती म्हने. "तुमी पोतेच इचारले."

मले खाकीची लाज वाटली. अजून वाटते. मुनीमाचं आयकूनही म्हातारीचा पोरगा चूप होता. माय मरून राहिली, तरी त्याले आमचा पट्टाच मोठा दिसला. असा धाक आम्ही बसवला होता, आन् त्यालेच काम म्हनत होतो.

वाचनाऱ्याइले एवढंच मागते. धानात गोळ्या टाकल्या असतीन, तं त्या खोलीत कोनाले झोपवू नका.