मथुरेची कांजी

फोन आला तेव्हा मी बायकोच्याच साडीला इस्त्री करत होतो. डॉक्टर आदल्या दिवशी म्हणाले होते, उद्या-परवा घरी न्या. म्हणून अलिबागला कोर्टासमोरच्या माझ्या दुकानात सकाळी सकाळी वकिलांचे कोट बाजूला सारून तिची निळी सुती साडी घेतली होती. घरी येताना नेसायला. कांजी नाही, नुसतं पाणी शिंपडून, कारण कडक कपडा तिला टोचायचा. अर्धी साडी झाली होती. मुलगी सुमन फोनवर एवढंच म्हणाली, "बाबा, या." मी विचारलं, साडी घेऊन येऊ ना? ती काही बोललीच नाही... तेव्हा कळलं. तरी मी उरलेली साडी पुरी केली, घडी घातली आणि मग निघालो. लोक म्हणतील, काय माणूस आहे. असेन. अर्धवट इस्त्रीची साडी घेऊन तिच्यापुढे कसा जाणार होतो?

याला आता दीड महिना झाला. सुमन म्हणाली, बाबा, आईवर पेपरच्या पुरवणीत लिहा, मी शुद्धलेखन बघते. मी चौथीपर्यंत शिकलेला माणूस. बायको गेली की तिच्याबद्दल गोड गोड लिहायचं असतं म्हणे. ते मला जमणार नाही. मथुरा तोंडाने फटकळ होती, मीही तसाच, आणि चाळीस वर्षांत आमचं एकमत फक्त आमटीच्या मिठावर झालं. पण एक गोष्ट मी तिच्या जिवंतपणी बोलायला हवी होती ती बोललो नाही. ती लिहितो.

लग्न होऊन आली तेव्हा ती गजरे करायची. आमच्याकडे रेवदंड्याला वाड्यांमधून फुलं येतात, ती केळीच्या सोपटाच्या दोऱ्यात गुंफायची. बोलता बोलता, मान वर करून, हाताकडे न बघता. पुढे चौलच्या बाजूला रस्त्यालगत एक शेड झाली. तिथे काचेच्या सुताच्या नळ्या विणायचे, मोटारींच्या वायरींवर चढवायला. काचेचं सूत म्हणजे खरोखर काच, केसाहून बारीक ओढलेली. बोटात घुसली तर दिसत नाही, नुसती खाज सुटते. दहा बायका आल्या, आठ पळाल्या. ही टिकली. म्हणायची, "गजऱ्याची कळी चुरगळायची न्हाय, हितं सूत चुरगळायचं न्हाय. काम तेच हाय."

मग एक दिवस त्या शेडमध्ये वैद्य मॅडम आल्या. मोठ्या प्रयोगशाळेतल्या इंजिनियर. त्यांना असं लोहचुंबक बनवायचं होतं की नुसत्या डोळ्याला न दिसणारे कण प्रचंड वेगाने पळत असताना त्यांची वाट वळवता यावी. त्यासाठी एक खास तार. तिच्यातून वीज गेली की वाटेत कणभरही सांडत नाही, तापत नाही. मात्र ती तार इतकी थंड ठेवावी लागते की तिथे हवासुद्धा गोठून दगड होईल. हे मी मथुरेकडून ऐकलं, ती मॅडमकडून ऐकायची. जेवताना मला सांगायची आणि मी म्हणायचो, मासा घे, गार होतोय.

त्या तारेची खोड मात्र मला पक्की कळली, कारण ती माणसासारखीच आहे. तांब्याच्या पोटात दोन धातू असतात, एक नायोबियम म्हणून आणि दुसरं आपलं कल्हईचं कथील. कच्ची असते तोवर तार वाकते, वळते, गुंडाळता येते. अशा पुष्कळ तारा पिळून चपटी दोरी करतात, तिचं वेटोळं करतात आणि मग सहाशेच्या वर उष्णतेत कित्येक दिवस भाजतात. तेव्हा आतले दोन धातू एक होतात आणि तारेला ती करामत येते. पण त्यानंतर ती पापडासारखी ठिसूळ. जरा वाकवली की आत तडा. म्हणून जे काय करायचं ते भाजायच्या आधी. वेटोळ्याचा एक पदर दुसऱ्याला चिकटला तर वीज भलत्या वाटेने जाते, सगळं फुकट, म्हणून तारेवर कापड चढवायचं तेही आधीच. आणि तसल्या आगीत टिकेल असं कापड एकच... काचेचं. त्या चपट्या दोरीवर काचेचं सूत वेणीसारखं विणत जायचं, गाठ नाही, फुगवटा नाही, सगळीकडे सारखं. हे काम मथुरेच्या यंत्रावर आलं.

अडचण अशी होती की कारखान्यातून येताना त्या सुतावर एक लेप असतो. त्याच्यामुळे सूत मजबूत राहतं. भट्टीत तो नको म्हणून मॅडम तो लेप आधीच काढून टाकायला लावायच्या. लेप गेला की सूत उघडं पडायचं आणि यंत्रावर पटापट तुटायचं. तुटलं की गाठ, गाठ म्हणजे फुगवटा, की पुन्हा उसवा. मथुरा बिचारी रडकुंडीला आली होती. घरी येऊन पाय पसरून बसायची आणि बोटांना खोबरेल चोळायची.

आता माझं सांगतो. माझा धंदा कांजीचा. साबुदाण्याची कांजी अशी करायचो की वकिलांच्या गळ्यातल्या पांढऱ्या पट्ट्या संध्याकाळपर्यंत ताठ. न्यायाधीशसाहेबांचे कपडे माझ्याकडे यायचे. तेव्हा बायको सुतावरून रडते म्हटल्यावर मी गप्प बसणार? म्हटलं, सुताला पातळ कांजी दे, तुटलं तर माझं नाव बदल. ती म्हणाली, "अवो, मॅडम लेप काढून टाकतात आणि मी दुसरा लावू? भट्टीत जायचंय ते." मी म्हटलं, तो लेप औषधाचा, हा साबुदाणा. उपासाला खातो आपण. जळून जाईल. तिचा विश्वास बसेना, म्हणून मी सुताचा तुकडा कांजीत बुडवला, वाळवला आणि गॅसवर धरला. पांढरा फक्क. "बघ," म्हटलं, "राहिलं काय?"

तिने लावली. पातळ, माझ्या हाताने गाळून दिलेली, दुधाच्या किटलीत. सूत तुटायचं थांबलं. आठ दिवसांत दोरी विणून झाली, मॅडमनी पाठ थोपटली, मथुरेने घरी येऊन तांदळाची खीर केली. कांजीचं मॅडमना सांगू म्हणत होती. मीच म्हटलं, काम होऊ दे, मग सांग, शाबासकी मोठी मिळेल.

भट्टी उघडली तेव्हा काच काळी पडली होती. पांढरी यायला हवी ती कोळशासारखी काळी. पदरापदरात वीज शिरत होती. वेटोळं मेलं. भट्टीत हवा ठेवत नाहीत हो... हवा काढून दुसराच वायू भरतात, नाहीतर तार खराब होते. हवा नसेल तर साबुदाणा जळत नाही, त्याचा कोळसा होतो. आणि हे मला कळायला नको होतं? मी जन्मभर कोळशाच्या इस्त्रीवर भाकरी खाल्ली. डोंगरातले लोक लाकडावर माती लोटून, हवा कोंडूनच कोळसा पाडतात, ते मी लहानपणी उभं राहून बघितलंय. पण गॅसवर तुकडा धरताना आठवलं नाही. शहाणपणाची घाई.

मॅडमनी सगळ्यांना गोळा केलं आणि विचारलं, सुताला काय लावलं? मथुरा पुढे झाली. म्हणाली, "मी कांजी लावली. माझीच अक्कल." मॅडम तेव्हा तरुण होत्या, आणि ती तार तयार करण्यात त्यांची वर्षं गेली होती. रागात म्हणाल्या, अडाणी माणसाच्या हातात हे द्यायलाच नको होतं. मथुरेला यंत्रावरून काढून पुसापुशीच्या कामाला लावलं. घरी आल्यावर बोंबील साफ करता करता तिने मला सांगितलं, वर मान न करता. "तुमचं नाव न्हाय घेतलं. तुमी तिथं कामाला न्हाय, तुमचं नाव कशाला?" मी म्हणालो, बरं. खोटं कशाला लिहू, मला तेव्हा बरंच वाटलं होतं. कोर्टात माझ्या कांजीचं नाव होतं, ते राहिलं.

त्या शेडमधले पांढरे कोट इस्त्रीला माझ्याकडेच यायचे. दर शनिवारी मी गठ्ठा घेऊन जायचो, मॅडमच्या हातात द्यायचो. दर शनिवारी. तोंड उघडायला असं किती लागतं? मी म्हणायचो, मॅडम, एक बटण सैल होतं, शिवलंय. त्या म्हणायच्या, थँक यू काका. आणि मथुरा मागे लादी पुसत असायची.

लादी पुसतानाही ती यंत्राकडे बघायची. बघता बघता तिच्या ध्यानात आलं की सूत तुटतं ते ठरलेल्या जागी, ज्या चिनी मातीच्या कड्यांमधून ते ओवलेलं असतं तिथे. कड्या आतून झिजून खरबरीत झालेल्या. डोळ्याला दिसायचं नाही. तिने आपल्या जुन्या रेशमी पोलक्याची चिंधी आणली आणि एकेका कडीतून ओढून बघितली. जिथे रेशीम अडकलं ती कडी बाद. मॅडमकडे जाऊन म्हणाली, "सुताला ताकद द्यायची न्हाय, सुताची वाट गुळगुळीत करायची." मॅडमनी ऐकलं, एवढं त्यांचं मोठेपण. कड्या बदलल्या, यंत्र हळू केलं, मथुरा परत बसली. पुढचं वेटोळं भट्टीतून पांढरं आलं. त्यावर राळ ओतून पक्कं केलं, प्रयोगशाळेत नेऊन थंड केलं, आणि हवी तेवढी वीज त्याने पेलली. मॅडमचा फोन आला तेव्हा मथुरा पाट्यावर वाटण वाटत होती. "टिकलं होय? बरं झालं," म्हणाली आणि वाटत राहिली. पण त्या दिवशी वाटणात मीठ दोनदा पडलं.

तरी शेडमध्ये नाव राहिलं ते दुसरंच. नवीन मुलगी कामाला लागली की तिला पहिल्या दिवशी सांगायचे, सुताला काही लावायचं नाही, नाहीतर होईल मथुरेची कांजी. हसायचे. मथुराही हसायची. घरी येऊन मला सांगायची, आज पण झाली बरं का माझी कांजी. एकदा मी म्हटलं, सांगून टाकू का मी? ती म्हणाली, "आता? इतक्या वर्षांनी? तुमच्या जिभेला पण कांजी केली होती वाटतं, आता भिजली." आणि उठून गेली. रागावली की थट्टा केली, ते मला आजपर्यंत कळलेलं नाही. मी मात्र त्या थट्टेचा आडोसा घेऊन पुन्हा गप्प बसलो.

तेराव्याला वैद्य मॅडम आल्या. केस पिकलेत आता त्यांचे. पानावर बसवलं, पण त्या जेवेनात. मी समोर बसलो आणि सांगितलं. कांजी माझी होती, गाळून मी दिली, गॅसवर तुकडा मी जाळून दाखवला, सांगू नको असंही मीच म्हटलं. मॅडमनी पान बाजूला सारलं. मग म्हणाल्या, "काका, मी त्यांना सगळ्यांसमोर अडाणी म्हणाले होते. माफी मागायची मागायची म्हणून राहूनच गेली..." आम्हा दोघांनाही एकाच बाईशी बोलायचं होतं आणि ती भिंतीवर फोटोत.

मॅडम म्हणाल्या, मी शेडमध्ये सगळ्यांना सांगते. मी म्हटलं, नाही, माझं तोंड आहे अजून. पुढच्या शनिवारी कोटांचा गठ्ठा घेऊन गेलो आणि मुलींना यंत्रं बंद करायला लावली. सांगितलं, ती कांजी मथुरेची नव्हती, तिच्या नवऱ्याची होती, तो हा. आणि कडीतून रेशीम ओढून बघता ना रोज सकाळी, ते मथुरेचं. नाव घ्यायचं तर त्याला घ्या. एकीने विचारलं, "मग काकूंनी तेव्हाच का न्हाय सांगितलं?" मी म्हटलं, ते तिला नीट विचारायची माझी कधी हिंमत झाली नाही. खरं तेच सांगितलं. एकीने स्टूल पुढे केलं. मी बसलो नाही.

तिचे हातमोजे घरी आहेत. कामावर पांढरे मोजे घालायची, बोटांचं तेल सुताला लागू नये म्हणून. काच काळी पडली त्या दिवसानंतर तिने त्या मोज्यांची बादली वेगळी केली, पडवीत दोरीही वेगळी बांधली, माझ्या कांजीच्या पातेल्यापासून लांब. मोजे स्वतः धुवायची, दोन पाण्यांतून, आणि मला हात लावू द्यायची नाही. उभ्या गावाचे कपडे माझ्या हातून जायचे, बायकोचे हातमोजे सोडून.

ती दवाखान्यात गेली त्या दिवशी वाळत घातलेला एक जोड अजून त्या दोरीवर आहे. समुद्राच्या वाऱ्याने खारट, ओलसर होतो. दर चार दिवसांनी मी तो उतरवतो, तिच्या बादलीत दोन पाण्यांतून काढतो आणि परत तिथेच घालतो. आधी हात धुतो. साबणाने दोनदा, कोपरापर्यंत. दुकान अजून चालू आहे, कांजीही करतो, पण मोजे धुतो त्या दिवशी नाही.